मूळ संख्या दुसऱ्या पायात वाचली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शनिवारी संध्याकाळी आमचा गणिताचा कट्टा भरतो. शाळकरी पोरं येतात, त्यांना सोडायला आलेले पालक मागच्या बाकावर बसतात आणि बऱ्याचदा पोरांपेक्षा तेच जास्त प्रश्न विचारतात. मूळ संख्यांचा हा खेळ काढला की ठरावीक प्रश्न येतातच, म्हणून ते उत्तरांसह इथे मांडले आहेत. मूळ संख्या म्हणजे काय आणि विभाज्यतेच्या साध्या कसोट्या एवढं माहीत असलं तरी पुरे.

हा खेळ नेमका काय आहे?

एखादी मूळ संख्या घ्यायची, ती एका पायात लिहायची आणि तेच अंक दुसऱ्या पायात लिहिलेत असं समजून वाचायचे. नवी किंमतसुद्धा मूळ निघाली तर संख्या पास.

२३ ही संख्या द्विमानात, म्हणजे पाया २ मध्ये, १०१११ अशी लिहितात. हेच अंक नेहमीच्या दशमानात वाचले तर दहा हजार एकशे अकरा होतात. त्याला ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा, प्रत्येक वेळी बाकी उरते. म्हणजे २३ पास. याउलट १७ द्विमानात १०००१. दशमानात वाचलं की ७३ × १३७. नापास.

पाया म्हणजे काय हे पोराला कसं समजवू?

राजारामपुरीत घेऊन जा. ११ वी गल्ली म्हणजे एक दहा आणि वर एक. पण पाटी लावणारा दोन-दोनच्या गटांनी मोजणारा असता, तर त्याच ११ चा अर्थ एक दोन आणि वर एक झाला असता आणि तुम्ही ३ ऱ्या गल्लीत पोचला असता. चार-चारचे गट केले तर ५ वी, सहाचे केले तर ७ वी, बाराचे केले तर १३ वी. उजवीकडून दुसऱ्या घराची किंमत म्हणजे पाया, तिसऱ्याची पाया × पाया, आणि असंच पुढे. एक अट मात्र पाळायची: प्रत्येक अंक पायापेक्षा लहान हवा. ज्यात ७ आहे ती संख्या पाया ६ मध्ये वाचता येत नाही.

पाया बदलला की मूळ संख्या मूळ राहत नाही, असं म्हणायचंय का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. गुळाचे ४७ रवे घ्या. ते सारख्या ओळींत मांडायला गेलात तर एकच लांब ओळ होते किंवा एकेकाच्या ४७ ओळी होतात. तुम्ही ४७ दशमानात लिहा, द्विमानात १०११११ लिहा, नाहीतर रोमन अंकांत लिहा, रव्यांना त्याचं काही नाही. या खेळात आपण संख्या तशीच ठेवून तिचं लेखन बदलत नाही. लेखन तसंच ठेवून संख्या बदलतो. १०११११ हे अंक तेच राहतात आणि रवे ४७ चे एक लाख एक हजार एकशे अकरा होतात. (ही संख्याही मूळ आहे, म्हणून ४७ पास.)

द्विमानातून दशमानात किती संख्या पास होतात?

५० च्या आत १५ मूळ संख्या आहेत. त्यांतल्या ३, ५, २३ आणि ४७ एवढ्याच पास होतात. नापास झालेल्यांत ७, ११, १३, १९, ३७ आणि ४१ या सहा जणी एकाच कारणाने पडतात: त्यांच्या द्विमान रूपात १ हा अंक बरोबर तीनदा येतो. दशमानात वाचल्यावर अंकांची बेरीज ३ होते आणि संख्येला ३ ने भाग जातो. उरलेल्यांत २ चे १० होतात, ते सरळच गेले. १७ वर आलंच आहे. २९ चे १७ × ६५३, ३१ चे ४१ × २७१ आणि ४३ चे ८३ × १२१७.

अंकांच्या बेरजेचा नियम फक्त ३ आणि ९ साठीच असतो ना?

दशमानात हो. पण तो नियम मुळात १० चा नाही, पाया वजा १ चा आणि त्याच्या भाजकांचा आहे. पाया ६ असेल तर ६, ३६, २१६ या प्रत्येकाला ५ ने भागल्यावर १ च उरतो, म्हणून पूर्ण संख्येची ५ ने येणारी बाकी आणि अंकांच्या बेरजेची बाकी एकच. म्हणजे अंकांची बेरीज ५ असलेली कोणतीही अंकमाळ पाया ६ मध्ये वाचली की तिला ५ ने भाग जाणारच. पाया ३ मध्ये हाच नियम २ चा होतो: बेरीज सम असेल तर संख्या सम. म्हणून द्विमानातली संख्या पाया ३ मध्ये पास व्हायची असेल, तर तिच्यात १ विषम वेळा आला पाहिजे. २३ मध्ये तो चारदा आहे, त्यामुळे तिथे ती पडते.

११ ची कसोटी, म्हणजे एकाआड एक अंक मिळवून-वजा करून बघायची ती, हीसुद्धा अशीच सुटते. ती पाया अधिक १ ची कसोटी आहे.

गाडीच्या नंबरांवर हा खेळ खेळता येतो का?

आमची पोरं तोच खेळतात. दसरा चौकात सिग्नलला थांबलं की पुढच्या एमएच ०९ चे शेवटचे चार अंक घ्यायचे आणि ते किती पायांत मूळ आहेत ते बघायचं. बहुतेक नंबर पहिल्याच पायरीवर पडतात. शेवटी ० असेल तर बघायलाच नको. समसंख्या दशमानात जाते, आणि ९ अंक असेल तर लहान पाये सगळे बाद.

यात आमचा लाडका नंबर २१११.

२१११ ला एवढं डोक्यावर का घेतलंय?

स्वतःच वाचून बघा. त्यात सगळ्यात मोठा अंक २ आहे, म्हणजे पाया ३ पासून सुरुवात करता येते.

पाया ३ मध्ये: ५४ + ९ + ३ + १ = ६७, मूळ.
पाया ४ मध्ये: १२८ + १६ + ४ + १ = १४९, मूळ.
पाया ५ मध्ये: २५० + २५ + ५ + १ = २८१, मूळ.
पाया ६ मध्ये: ४७५, म्हणजे १९ × २५. इथे पडलं.
पाया ७ मध्ये ७४३, ८ मध्ये १०९७, ९ मध्ये १५४९, १० मध्ये २१११. चारही मूळ.
पाया ११ मध्ये २७९५, म्हणजे ५ × १३ × ४३. पडलं.
पाया १२ मध्ये ३६१३, मूळ.
पाया १३ मध्ये ४५७७ = २३ × १९९, आणि इथे मालिका खरी तुटते.

खरी म्हणायचं कारण असं की ६ आणि ११ मध्ये ते पडणारच होतं. २ + १ + १ + १ म्हणजे ५. पाया ६ असताना पाया वजा १ होतो ५, पाया ११ असताना १०, आणि दोन्हीकडे ५ चा फास आहेच. म्हणजे ३ ते १२ पर्यंत, जिथे जिथे तगायला वाव होता तिथे तिथे हा नंबर तगला.

हा नुसता नशिबाचा भाग आहे का?

नशीब आहे, पण पाया भक्कम आहे. २१११ च्या किमतीला ७ ने भागल्यावर काय उरतं हे बघायला सगळे पाये तपासावे लागत नाहीत. पायाला ७ ने भागल्यावर जी बाकी उरते तिच्यावरच उत्तर ठरतं, आणि बाक्या सातच: ० ते ६. या सातही पायांत किंमत काढली (० आणि १ इथे फक्त हिशेबापुरते, पाया म्हणून नव्हे) तर ७ ने भागल्यावर अनुक्रमे १, ५, २, ४, २, १, ६ उरतात. शून्य कुठेच नाही. म्हणजे २१११ हे अंक कितीही मोठ्या पायात वाचा, किमतीला ७ ने भाग जाणार नाही. असंच २, ३ आणि ११ चंही करून बघा, तिन्हींचं उत्तर तेच येतं. पहिल्या पाच मूळ संख्यांपैकी फक्त ५ ला दार उघडं आहे, तेही पायाला ५ ने भागून १ उरत असेल तेव्हाच. एवढे लहान भाजक आधीच बाद झाल्यावर हजार-दोन हजारांच्या घरातली संख्या मूळ निघण्याची शक्यता किती वाढते याचा अंदाज करा.

जुन्या आण्यांच्या हिशेबाचा याच्याशी काही संबंध आहे का?

हा प्रश्न एका आजोबांचा, आणि मला तो फार आवडला. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे १६ आणे होते. म्हणजे ६ रुपये १ आणा लिहिलं की झाले ९७ आणे. हेच तर ६१ पाया १६ मध्ये वाचणं! तिकडे ६१ मूळ, इकडे ९७ मूळ. ४ रुपये ३ आण्यांचे ६७ आणे, ८ रुपये ९ आण्यांचे १३७. दोन अंकी मूळ संख्या २१ आहेत. सगळ्यांना रुपये-आणे समजून आण्यांत मोजलं तर तब्बल १४ पास होतात.

इतक्या का? कारण १६ आणि १० यांत ६ चा फरक आहे. दहा-दहाचे गट सोडून सोळा-सोळाचे केले की प्रत्येक गटामागे ६ ची भर पडते, आणि ६ ची भर घातल्याने २ किंवा ३ ने येणारी बाकी बदलत नाही. मूळची संख्या मूळ असल्याने तिला २ ने आणि ३ ने भाग जात नव्हता, नव्या किमतीलाही जात नाही. पडलेल्या सात जणी बघा: २५, ३५, ४९, ५५, ६५, ११५, १२१. सगळ्यांत ५, ७ नाहीतर ११ लपलेला आहे, २ किंवा ३ एकीतही नाही. फरक ३० चा ठेवला, म्हणजे पाया ४० घेतला, तर ५ चाही धोका टळतो. द्विमानातून पाया ८ मध्ये जातानाही फरक ६ चाच, त्यामुळे २ आणि ३ या दोन मूळ संख्या सोडल्या तर तिथेही २ आणि ३ चं भय नाही.

नुसत्या १ च्या माळा पास होतात का?

फार क्वचित. द्विमानात नुसते १ असलेल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात: ३, ७, ३१, १२७. यांना दशमानात वाचलं तर ११ मूळ, पण १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१, ११११११１ संयुक्त. मग १९ वेळा १ लिहा. द्विमानात ती माळ ५,२४,२८७ होते. ही मूळ आहे हे इटलीच्या पिएत्रो कताल्दीने १५८८ मध्ये दाखवलं, तेही हाताने भागाकार करून. आणि तेच १९ एक दशमानात वाचले तरी मूळ! आजवर माहीत असलेल्या संख्यांत दोन्हीकडे चालणाऱ्या माळा दोनच: २ एकांची आणि १९ एकांची. १९ ची माळ पाया ३ मध्ये मात्र पडते, तिथे ती १५९७ × ३,६३,८८९ होते.

१० या अंकांचं काय?

१० म्हणजे पाया स्वतःच. पाया मूळ असेल तर मूळ. यात काही मजा नाही.

अंक पुन्हा वाचण्यामागे काही खोल गणित आहे की टाइमपास?

आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे. २१११ पाया क्ष मध्ये वाचणं म्हणजे २ × क्ष × क्ष × क्ष + क्ष × क्ष + क्ष + १ या बहुपदीची किंमत काढणं. आता काही माळा बघा. १२१ म्हणजे (क्ष + १) × (क्ष + १), त्यामुळे ती प्रत्येक पायात वर्गसंख्या. १४३ म्हणजे (क्ष + १) × (क्ष + ३). ११११ म्हणजे (क्ष + १) × (क्ष × क्ष + १). ज्या बहुपदीचे असे अवयव पडतात ती माळ कुठल्याही पायात वाचा, मूळ होणार नाही. तिची शंभर पायांत तपासणी करणं म्हणजे वेळ घालवणं.

मग एका पायात मूळ असलेल्या माळेचे असे अवयव पडू शकतात का? कधीच नाही. दशमानापुरतं हे प्रमेय जॉर्ज पोल्या आणि गाबोर सेगो यांनी १९२५ मध्ये आर्थर कोनच्या नावावर नोंदवलं. १९८१ मध्ये ब्रिलहार्ट, फिलासेटा आणि ओडलिझ्को या तिघांनी ते २ पासूनच्या सगळ्या पायांसाठी सिद्ध केलं, आणि २००२ मध्ये गुंटूरला जन्मलेल्या राम मूर्तींनी त्याची बरीच सोपी सिद्धता दिली. युक्ती थोडक्यात अशी: अवयव पडले असते तर दशमानातली किंमतही दोन पूर्णांकांचा गुणाकार झाली असती, आणि संख्या मूळ असल्याने त्यांतला एक १ किंवा −१ असायला हवा होता. पण अंक लहान असल्यामुळे बहुपदीची शून्यं (क्षच्या ज्या किमतींना ती ० होते त्या) १० पासून इतकी लांब पडतात की दोन्ही अवयवांची किंमत १ च्या वरच जाते. म्हणून अवयव पडतच नाहीत.

म्हणजे मूळ संख्येच्या अंकांनी तिच्याकडून एक गुण उचललेला असतो, आणि पाया बदलला तरी तो जात नाही. दुसऱ्या पायात ती मूळ होईलच असं नव्हे, पण दार तिच्यासाठी बंद नसतं.

मग प्रत्येक मूळ संख्या अनंत पायांत मूळ होते का?

दोन अंकी असेल तर हो, आणि हे १८३७ पासून पक्कं आहे. २३ पाया क्ष मध्ये वाचलं तर २ × क्ष + ३ होतं. पाया ४, ५, ७, ८ घेतले की ११, १३, १७, १९ येतात. अशा सरळ चालीच्या मालिकेत, दोन्ही सहगुणकांत सामाईक भाजक नसेल तर, मूळ संख्या कधी संपत नाहीत हे डिरिक्लेने सिद्ध केलं.

तीन अंक झाले की गाडी अडते. आहेराच्या पाकिटातले १०१ घ्या: पाया २ मध्ये ५, ४ मध्ये १७, ६ मध्ये ३७, १० मध्ये १०१, १४ मध्ये १९७, १६ मध्ये २५७, सगळ्या मूळ. ही क्ष × क्ष + १ ची मालिका. तिच्यात अनंत मूळ संख्या आहेत का, हा प्रश्न लांडाउने १९१२ मध्ये आपल्या चार प्रसिद्ध प्रश्नांत मांडला आणि तो अजून सुटलेला नाही. १९७८ मध्ये हेन्रिक इवानिएत्स यांनी एवढं सिद्ध केलं की जास्तीत जास्त दोन मूळ अवयव असलेल्या संख्या त्या मालिकेत अनंत आहेत. बुन्याकोव्स्कीचं १८५७ चं अनुमान (अवयव न पडणाऱ्या बहुपदीच्या सगळ्या किमतींना सामाईक भाजक नसेल तर त्यांत मूळ संख्या अनंत असतात) खरं ठरलं तर दोन किंवा जास्त अंकांची प्रत्येक मूळ संख्या अनंत पायांत मूळ होईल. पण आज तीन अंकी एकाही मूळ संख्येबद्दल ही गोष्ट सिद्ध झालेली नाही. शंभरच्या पुढची कोणतीही घ्या, जगातल्या कुणाकडेच सिद्धता नाही.

द्विमानातून दशमानात पास होणाऱ्या संख्या तरी अनंत आहेत का?

बहुतेक आहेत. अंक जसे वाढतात तशा ० आणि १ च्या माळा दर पायरीला दुप्पट होतात, आणि मूळ निघण्याची शक्यता त्यामानाने अगदी सावकाश घटते. पण सिद्धता नाही. ज्यांत फक्त ० आणि १ आहेत अशा दशमान मूळ संख्या अनंत आहेत, हेच अजून सिद्ध झालेलं नाही. जेम्स मेनार्ड यांनी दाखवलं की कोणताही एक अंक वर्ज्य केला, समजा ७ वापरायचाच नाही असं ठरवलं, तरी मूळ संख्या अनंत राहतात. त्यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळालं. एक अंक गाळणं आणि आठ गाळणं यांत किती अंतर आहे ते यावरून समजावं.

अंकांच्या गमतीजमतींना खरं गणित म्हणायचं का?

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनाही लोक हेच म्हणायचे. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येते ती ६१७४ त्यांचीच. अंकांचे गुण पायावर अवलंबून असतात, पाया बदलला की ६१७४ ची जादू जाते, हा आक्षेप खराच आहे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिल्यावर जगाला ते माहीत झाले. माझं मत असं की पाया बदलल्यावर काय टिकतं आणि काय जातं हे विचारलं की गंमत संपून गणित सुरू होतं.

कॅल्क्युलेटर चालेल का?

चालेल, पण तीन अंकांपर्यंत हातानेच करा. पुढे संगणक. पायथॉन या संगणकभाषेतल्या इंट या फंक्शनला अंकमाळ आणि पाया दिला की किंमत मिळते, आणि त्याला देवनागरी अंकही कळतात: १०१११ देवनागरीत लिहून पाया २ दिला तरी २३ येतात. पोरांना याचंच जास्त कौतुक.

परीक्षेला येतं का?

असं थेट नाही येत. पण विभाज्यतेच्या कसोट्या पाठ करण्याऐवजी कळतात, तेवढा फायदा धरा.

पाया ऋण घेतला तर?

खुशाल घ्या, फक्त चिन्ह सोडून उरलेली संख्या मूळ आहे का ते बघायचं. अंक पायाच्या चिन्हाविना किमतीपेक्षा लहान हवेत ही अट तशीच. २१११ पाया −३ मध्ये −५४ + ९ − ३ + १ = −४७, पास. पाया −४ मध्ये −१२८ + १६ − ४ + १ = −११५, म्हणजे ५ × २३, नापास. (−४ ला ५ ने भागलं तर बाकी १ येते, तोच जुना फास.) पाया −१० मध्ये −१९०९, म्हणजे २३ × ८३. तीही नापास. −५ ते −९ तुम्ही काढून या, शनिवारी फळ्यावर तपासू.